अस्मानीचा भुर्दंड कोणी सोसावा?



आपल्या भाषेने संकटांची मोठी सोपी वाटणी करून ठेवली आहे. पाऊस रुसला, गारा पडल्या, नदीला पूर आला, तर ती अस्मानी. आणि सत्ता हाती असलेल्या माणसांनी नागवले, तर ती सुलतानी. पण अस्मानीने पीक गेल्यावर सारा द्यावयाचा की नाही, हा प्रश्न उरतोच, आणि तो आभाळाला नव्हे, माणसांनाच सोडवावा लागतो. आणेवारी पाहून सारा तहकूब किंवा माफ करण्याची वहिवाट पडली, ती यातूनच. विमानाच्या उतारूचा प्रश्न याच जातीचा आहे. धुक्यामुळे पहिले विमान उशिरा पोहोचले आणि पुढचे जोडविमान निघून गेले. आता त्या पुढच्या प्रवासाचे पैसे कोणाचे? ज्याने दिले त्याचे, की ज्याने घेतले त्याचे?

हा प्रश्न विमानाबरोबर जन्मला नाही. तो आगगाडीबरोबर जन्मला. इंग्लंडात लिव्हरपूलहून स्कारबरोला निघालेल्या एका उतारूची गाडी लीड्सला उशिरा पोहोचली आणि त्याची पुढची गाडी चुकली. यॉर्कला आल्यावर त्याने पुढच्या गाडीची वाट न पाहता खास गाडी भाड्याने घेतली आणि तिचा खर्च कंपनीकडे मागितला. 1876 साली अपील कोर्टाने निकाल दिला. वेळ पाळण्याची काळजी कंपनीने घेतली नाही, हा करारभंग खरा; परंतु खास गाडीचा खर्च मिळावयाचा नाही. कोणाकडून वसूल करावयाची सोय नसती, तर या गृहस्थाने स्वतःच्या खिशातून ही चैन केली असती काय, अशी ती कसोटी होती.

येथे दोष माणसांचा होता. दोष आभाळाचा असता तर? त्याचे उत्तर आपल्याकडे 1872 च्या करार कायद्यातच दिलेले आहे. करार करताना शक्य असलेली गोष्ट पुढे अशक्य झाली तर करार रद्दबातल होतो, असे कलम 56 म्हणते. आणि असा करार रद्द झाल्यावर ज्याने लाभ घेतला असेल त्याने तो परत करावा, असे कलम 65 म्हणते. दोष कोणाचा, हे येथे विचारलेलेच नाही. गंमत अशी की, हा कायदा आपल्याला देणाऱ्या इंग्रजांच्या स्वतःच्या देशात मात्र न्याय उलटा होता. 1902 साली सातव्या एडवर्डच्या आजारपणामुळे राज्याभिषेकाची मिरवणूक पुढे गेली. ती पाहण्यासाठी ज्यांनी आगाऊ पैसे भरून खोल्या घेतल्या होत्या, त्यांना 1904 च्या निकालाने पैसे परत मिळाले नाहीत. नुकसान जेथे पडले तेथेच राहू द्यावे, हा तेथला न्याय. तो मोडावयास हाऊस ऑफ लॉर्ड्सला 1942 साल उजाडावे लागले.

आता विमानाकडे वळू. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपाल घेऊन आले. ते टपाल इंपीरियल एअरवेजच्या विमानाने लंडनहून कराचीस आलेले होते. म्हणजे टाटांची ही हवाई सेवा जन्मली तीच मुळी जोडविमान म्हणून! जुहूचे मैदान पावसाळ्यात निकामी होई, तेव्हा मुक्काम पुण्यास हलवावा लागे. पहिल्या वर्षात उतारू अवघे 155. बाकी सगळा भार टपालाचा. पुढे 1949 साली रात्रीची टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत, टपाल व उतारू यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत जात. चार विमानांपैकी एक अडकले, तर बाकीच्या तिघांनी थांबावे की निघावे? थांबले तर सगळ्यांना उशीर. निघाले तर एका गावच्या लोकांची रात्र नागपुरात. जोडविमानाचा सारा पेच त्या एका धावपट्टीवर पाहावयास मिळत असे.

कायदा या पेचाकडे कसा पाहात आला? 12 ऑक्टोबर 1929 रोजी वॉर्सा येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. आपल्याकडे 1934 साली त्याचा कायदा झाला. उशिरामुळे होणाऱ्या नुकसानीस कंपनी जबाबदार, असे त्यात म्हटले होते; मात्र आवश्यक ते सर्व उपाय केले, किंवा करणे अशक्य होते, हे कंपनीने सिद्ध केले तर तिची सुटका. ‘सिद्ध केले तर’ हे शब्द ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. हवा खराब होती एवढे म्हणून भागत नाही; पुराव्याचा भार कंपनीवर आहे. 1999 च्या मॉन्ट्रियल करारानेही हेच तत्त्व ठेवले, आणि 2009 पासून भारत त्यात सामील आहे.

तथापि खरी प्रगती झाली ती दोन शब्द वेगळे केल्यामुळे: परतावा आणि भरपाई. भरपाई ही दोषाची किंमत. परतावा म्हणजे न केलेल्या कामाचे घेतलेले पैसे. युरोपच्या 2004 च्या नियमाने हवामानासारख्या असाधारण कारणात भरपाई माफ केली, परंतु जेवण, मुक्काम आणि परतावा माफ केला नाही. इतकेच नव्हे, तर विमान रद्द झाले आणि झालेल्या अर्ध्या प्रवासाला मूळ हेतूच्या दृष्टीने काही अर्थ उरला नाही, तर त्या अर्ध्याचेही पैसे परत, शिवाय निघालेल्या गावी परत पोहोचविणे. 2010 साली आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपचे आकाश बंद पडले, तेव्हाही उतारूंची सोय करण्याचे कर्तव्य संपत नाही, असे युरोपच्या न्यायालयाने 2013 साली ठरविले. त्याच वर्षी त्याने असेही सांगितले की, जोडविमानाच्या प्रवासात उशीर मोजावयाचा तो शेवटच्या मुक्कामाला. अमेरिकेत 2024 च्या कायद्याने देशांतर्गत तीन आणि परदेशी सहा तासांहून अधिक उशीर झाला, आणि उतारूने दुसरी सोय नाकारली, तर कारण काहीही असो, पैसे परत, असे ठरले.

आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे 2010 चे नियम आहेत. विमान रद्द झाल्यास परतावा किंवा दुसरे विमान, हा पर्याय त्यांत आहे. हवामानाच्या कारणाने भरपाई मात्र नाही. कंपनीला भरपाईतून सोडविणाऱ्या कारणांच्या यादीत पुराच्या आणि दंग्याच्या पंक्तीला कामगारांचा संपही बसविला आहे. संघटनेचे काम करणाऱ्या माणसाला हे खटकल्यावाचून राहात नाही. पूर वाटाघाटीने थांबत नाही; संप थांबतो. युरोपच्या न्यायालयाने 2018 आणि 2021 साली कंपनीच्या स्वतःच्या नोकरांच्या संपांना असाधारण कारण मानण्यास नकार दिला, तो याच विवेकाने.

आणखी एक बारकावा सामान्य उतारूला महाग पडतो. दोन विमाने एकाच तिकिटावर असतील तर तो एक प्रवास, आणि पुढचे विमान चुकले तर जबाबदारी नेणाऱ्याची. स्वस्त पडतात म्हणून दोन तिकिटे निरनिराळी काढली, तर कायद्याच्या दृष्टीने ते दोन वेगळे करार. दुसऱ्या कंपनीचे विमान वेळेवर सुटले, तिची काही चूक नाही, आणि धुक्याचा सारा भुर्दंड उतारूच्या माथी. स्वस्ताईतले हे अंतर तिकिटावर छापलेले नसते.

कोणी म्हणेल, कंपनीने पाऊस पाडला नाही, मग तिने का सोसावे? याचे उत्तर गिरणगावाने केव्हाच शोधले आहे. कोळसा आला नाही, वीज गेली, यंत्र बिघडले, त्यात मजुराची काय चूक? तरी पूर्वी बैठकीच्या दिवसाचा पगार बुडे तो त्याचाच. 1953 साली औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती होऊन अशा दिवसांचा निम्मा पगार व महागाई भत्ता देण्याचे बंधन मालकावर आले. 1984 साली त्या कारणांत नैसर्गिक आपत्तीचाही स्पष्ट उल्लेख झाला. दोष कोणाचाच नसेल, तर नुकसान दुबळ्याच्या अंगावर ढकलून मोकळे व्हावयाचे नाही, ते वाटून घ्यावयाचे, हा त्यातला धडा.

विमान कंपनीकडे हवामानाचे अंदाज असतात, वेळापत्रक तीच आखते, दोन विमानांमध्ये किती वेळ ठेवावयाचा हे तीच ठरविते, आणि एका दिवसाचा तोटा ती वर्षाच्या हजारो फेऱ्यांवर पसरवू शकते. उतारूजवळ एकच तिकीट आणि एकच लग्न, एकच मुलाखत, एकच आजारी आई असते. म्हणून भरपाईचा वाद कायदेपंडितांनी खुशाल घालावा. पण न घडलेल्या प्रवासाचे पैसे परत मागणे ही मेहेरबानीची याचना नव्हे. 1872 पासून तो आपला हक्क आहे. अस्मानी आभाळातून येते. तिच्या आडून पैसे ठेवून घेणे, ही मात्र सुलतानीच होय.