सातासमुद्रापारचे कालवण

‘करी’ हा शब्द बारामती-नीरा रस्त्यावरील वडगाव निंबाळकरच्या स्वयंपाकघरांत सहसा ऐकू येत नाही. तेथे असते ते कालवण. भाकरी ज्यात कालवून खायची ते कालवण. मग ते मटणाचे असो, अंड्याचे असो, मटकीचे असो की नुसत्या शेंगदाण्याच्या कुटाचे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकविणाऱ्या या पट्ट्यातून शिक्षण-नोकरीसाठी परदेशी गेलेल्यांची अडचण नेमकी येथूनच सुरू होते. लंडन, न्यू जर्सी, दुबई किंवा सिडनीत ‘करी’ मिळण्यास अडचण पडत नाही, कालवण मात्र शोधूनही सापडत नाही. असे का होते आणि ते मिळवायचेच असेल तर काय करावे लागते, याचा हा आढावा.

‘करी’ नेमकी कोणाची?

लंडनमध्ये भारतीय पद्धतीचे पहिले उपाहारगृह १८१० मध्ये पाटण्याच्या शेख दीन महंमद यांनी पोर्टमन स्क्वेअरजवळ काढले. ‘हिंदुस्तानी कॉफी हाऊस’ असे त्याचे नाव होते. दोनच वर्षांत, १८१२ मध्ये, त्यांच्यावर दिवाळखोरीची पाळी आली. रीजंट स्ट्रीटवरील ‘वीरास्वामी’ १९२६ मध्ये सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र या व्यवसायाचे चित्र पालटले. आजच्या बांगलादेशातील सिल्हेट भागातील माणसे ब्रिटिश बोटींवर खलाशी म्हणून काम करीत. त्यांपैकी काही जण ब्रिटनमध्येच राहिले, त्यांच्या पाठोपाठ भाऊबंद आले आणि ‘इंडियन’ अशी पाटी असलेली तेथील बहुसंख्य उपाहारगृहे याच मंडळींनी उभी केली.

या उपाहारगृहांची एक ठरलेली रीत आहे. कांदा, थोडे आले-लसूण आणि हळद मोठ्या पातेल्यात शिजवून, घोटून एकच मूळ रस्सा सकाळी तयार ठेवला जातो. गिऱ्हाईक मागेल त्याप्रमाणे त्यात कधी साय, कधी नारळ, कधी जादा तिखट घालून पाच-सात मिनिटांत पदार्थ टेबलावर येतो. कोर्मा, मद्रास आणि विंडालू या तिन्हींची चव कुठेतरी सारखी का लागते, याचे उत्तर त्या एका पातेल्यात आहे. रॉबिन कुक हे ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री असताना २००१ मध्ये त्यांनी ‘चिकन टिक्का मसाला’ हा ब्रिटनचा खरा राष्ट्रीय पदार्थ असल्याचे भाषणात सांगितले होते. ते खरेच होते, पण त्यात बारामतीच्या माणसासाठी काही नव्हते.

अमेरिकेत पंजाबी, गुजराती आणि आंध्रातील मंडळींनी हा व्यवसाय धरला. मराठी माणूस तेथे गेला तो बहुतांशी डॉक्टर, अभियंता किंवा विद्यार्थी म्हणून. हॉटेल काढण्याच्या वाटेला तो फारसा गेला नाही. अपवाद आहेत. लंडनजवळ हौन्स्लो येथे २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘श्रीकृष्ण वडापाव’ने चांगले नाव कमावले; पण तो वडापाव झाला. रटरटत्या रश्श्यासाठी घराकडेच वळावे लागते.

म्हणून अनोळखी शहरात पहिली चौकशी हॉटेलांची न करता महाराष्ट्र मंडळाची करावी. लंडनचे मंडळ १९३२ पासूनचे आहे. उत्तर अमेरिकेतील मंडळांची मिळून बृहन्महाराष्ट्र मंडळ ही संस्था १९८१ मध्ये स्थापन झाली. मंडळांच्या गणेशोत्सवातले जेवण बहुधा मसालेभात आणि श्रीखंड-पुरीचे असते, तेव्हा तेथे कालवणाची अपेक्षा ठेवू नये. घरगुती डबा कोण देते, बोकडाचे मटण कोठे मिळते, भारतातून मसाला कोण मागविते, ही माहिती मात्र त्याच पंगतीत मिळते.

दूरदेशी टिकलेली चव

दूरदेशी मनाजोगते कालवण मिळविण्याची धडपड नवी नाही. क्रांतिकारक रासबिहारी बोस १९१५ मध्ये जपानला निसटले. टोकियोतील ‘नाकामुराया’ या बेकरीच्या मालकांनी त्यांना आश्रय दिला. पुढे त्या घराचे ते जावई झाले. जपानमध्ये तेव्हा ‘करी’ होती, पण ती इंग्रजांमार्फत पोहोचलेली, पिठाने दाट केलेली. ती बोस यांच्या पसंतीस उतरणे शक्यच नव्हते. अखेर १९२७ मध्ये ‘नाकामुराया’च्या उपाहारगृहात त्यांच्या सांगण्यानुसार भारतीय पद्धतीची कोंबडीची करी सुरू झाली आणि ती त्या दुकानाची ओळख ठरली.

मराठी बोलणाऱ्यांचे उदाहरण इस्रायलचे. कोकणातील बेने इस्रायली समाजातील असंख्य कुटुंबे १९४८ नंतर तेथे गेली आणि दिमोना, लोद, अश्दोद, बीरशेबा अशा गावांत स्थिरावली. त्यांनी तेथे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही काढले. ज्यू धर्मनियमांप्रमाणे मांसाबरोबर दूधदुभते चालत नाही. त्यामुळे उत्तर भारतीय पद्धतीची दही-साय घातलेली करी त्यांच्या घरात येण्याचा प्रश्नच नव्हता. कोकणातून आणलेले नारळाच्या दुधाचे कालवण मात्र या नियमात चपखल बसले आणि टिकले.

मॉरिशसमध्ये एकोणिसाव्या शतकात करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्या मराठी कुटुंबांच्या वंशजांची रोजची बोली आता प्रामुख्याने क्रिओल आहे. पण त्या बेटावर मसाला वाटण्याच्या दगडाला ‘रोश कारी’ म्हणतात. आपल्या पाट्या-वरवंट्याचेच ते भावंड.

डंकावरचा मसाला

कालवणाचे मर्म मसाल्यात आहे आणि तो वर्षातून एकदाच होतो. होळीनंतर ऊन तापू लागले की मिरच्या वाळवून त्यांचे देठ खुडले जातात. रंगासाठी ब्याडगी, तिखटपणासाठी संकेश्वरी किंवा गुंटूर, अशी मिरची मिसळून घेतात. एक किलो मिरचीला साधारणपणे अर्धा ते एक किलो धने, पाव ते अर्धा किलो सुके खोबरे, पाव किलोपर्यंत तीळ आणि मग जिरे, शहाजिरे, लवंग, मिरे, दालचिनी, तमालपत्र, चक्रफूल, नागकेसर, जायपत्री, दगडफूल, हळकुंड, खडा हिंग. प्रत्येक जिन्नस तेलावर वेगवेगळा भाजायचा, कारण प्रत्येकाची करपण्याची वेळ वेगळी. नंतर हे सारे कांडपयंत्रावर, म्हणजे गावोगाव ज्याला डंक म्हणतात त्यावर, कुटून आणायचे. दगडफूल आणि खोबरे चांगले भाजले गेले की मसाल्याला तो काळपट रंग व खमंगपणा येतो. पुण्यातील ब्राह्मणी घरांतला गोडा मसाला आणि हा काळा मसाला यांत नावांची गल्लत नेहमी होते. गोड्या मसाल्यात मिरची बेताची असते, तर काळ्या मसाल्याचा तो कणा आहे. परदेशातील दुकानात बेडेकर वा प्रवीणची पुडी दिसली की ती उचलण्याआधी पाठीवरचा मजकूर वाचावा तो याचसाठी.

वर दिलेले प्रमाण ‘साधारणपणे’ म्हणावे लागते, कारण ते कोठे लिहिलेले नसते. मूठभर, चिमूटभर, ओंजळभर या मापांवर प्रत्येक घराची चव उभी असते आणि ती एका हाताची असते. आई थकली, सासू गेली, की त्या घराच्या मसाल्याचे प्रमाण तिच्याबरोबर जाते. मुलगा मेलबर्नला आणि सून तेथे नोकरीत, अशा घरांत तर ते उतरवून घ्यायला शेजारी बसणारेही कोणी नसते. दूरध्वनीवर विचारले तर ‘अंदाजाने घाल’ असे उत्तर येते. सुटीसाठी एप्रिल-मेमध्ये गावी येणाऱ्यांनी तराजू घेऊन आईजवळ बसावे. तिची प्रत्येक मूठ आधी तराजूत टाकून वजन लिहून घ्यावे आणि मगच ती कढईत जाऊ द्यावी. या कामाला अर्धा दिवस लागतो.

मसाला परदेशात करायचा झाल्यास नावांची अडचण येते. दगडफूल उत्तर भारतीय दुकानात ‘पत्थर का फूल’ म्हणून, तर तमिळ दुकानात ‘कल्पासी’ म्हणून मागावे. ‘डेसिकेटेड कोकोनट’ हा सुक्या खोबऱ्याला पर्याय नव्हे. दाक्षिणात्य दुकानात ‘कोपरा’ विचारावा. कारळे अमेरिकेत पक्ष्यांच्या खाद्याच्या कपाटात दिसतात. ते उगवू नयेत म्हणून उष्णतेची प्रक्रिया केलेले असतात आणि माणसांसाठी विकलेले नसतात, ते घेऊ नयेत. ब्याडगी न मिळाल्यास मेक्सिकन दुकानातील ग्वाहिओ मिरची रंगाला बरी पडते. मिरची मूळची त्याच भूमीची. पोर्तुगीजांनी ती भारतात आणली.

बॅगेत काय न्यावे, काय नेऊ नये

या भागात निष्काळजीपणा महागात पडतो. सर्वांत मोठा धोका खसखशीचा आहे. मटणाच्या वाटणात, काही घरांच्या मसाल्यात आणि दिवाळीच्या अनारशांवर असणारी खसखस अफूच्या झाडाचे बी असल्याने संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया व सिंगापूर येथे नेण्यास बंदी आहे. तो अमली पदार्थांचा गुन्हा ठरू शकतो आणि ‘आईने डब्यात दिले होते’ हा बचाव तेथे चालत नाही. या देशांत जाणाऱ्यांसाठी मसाला करतानाच खसखस वगळावी. तिच्या जागी तीळ किंवा काजू चालतात.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानाच्या सामानात घालू नयेत. त्यातील तेलामुळे ते पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांत मोडते आणि भारतातील विमानतळांवर ते काढून ठेवले जाते. मसाल्यात कुटले गेलेले खोबरे ही निराळी गोष्ट. मसाला मोठ्या बॅगेत, दुहेरी बंद पिशवीत ठेवावा. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात हातातील पिशवीत ३५० मिलिलिटरपेक्षा अधिक पूड असल्यास २०१८ पासून जादा तपासणी होते. कढीपत्त्याची ताजी पाने अमेरिकेत नेता येत नाहीत, कारण लिंबूवर्गीय झाडांच्या रोगाचा प्रसार करणारी कीड त्यावर असू शकते. मटणाचे वा सुक्या मासळीचे लोणचे लपवून नेण्याचा मोह टाळावा. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये तर प्रत्येक खाद्यवस्तू अर्जावर जाहीर करावी लागते. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतली जाते. न केल्यास न्यूझीलंडमध्ये जागेवरच चारशे डॉलरचा दंड होतो.

पातेल्यात

सुपरबाजारात ‘लॅम्ब’ म्हणून मिळते ते मेंढीच्या कोकराचे मांस. त्याच्या चरबीचा वास काळ्या मसाल्यावर मात करतो. बोकडाचे मटण हलाल खाटकाकडे मिळते. ब्रिटनमध्ये कॅरिबियन वस्तीत आणि अमेरिकेत मेक्सिकन दुकानांतही ते असते. हाडांसह तुकडे करून मागावेत, हाडांवाचून रश्श्याला चव येत नाही. आधी हळद-मीठ लावून मटण पाण्यात शिजवावे; ते अळणी पाणी फेकू नये, तोच रश्श्याचा जीव आहे.

वाटणासाठी गावी कांदा आणि खोबरे निखाऱ्यावर भाजतात. परदेशी सदनिकेत हा प्रयोग केल्यास धुराचा भोंगा वाजून सगळी इमारत रस्त्यावर येते. भट्टीच्या वरच्या आचेवर सालीसकट कांदा ठेवावा, तो काळा पडून आत मऊ होतो. भारतातला मिक्सर ब्रिटन, आखात व ऑस्ट्रेलियात चालतो. अमेरिकेत विजेचा दाब १२० व्होल्ट असल्याने चालत नाही, तेथील भारतीय दुकानातून घ्यावा. वाटण तेल सुटेपर्यंत परतावे, मसाला घालावा आणि नंतर ओतायचे अळणी पाणी उकळते असावे. थंड पाण्याने तवंग बसतो. रस्सा पातळच असायला हवा. पाहुण्यांना तो ‘सूप’ वाटला तरी हरकत नाही.

राहिली भाकरी. बाजरीचे पीठ गुजराती दुकानात हमखास मिळते, कारण त्यांचा रोटला त्याचाच. मात्र बाजरीत तेल अधिक असल्याने दळलेले पीठ काही आठवड्यांतच कडवट होते, आणि महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या पिठाची भाकरी थापताना मोडते. ज्यांना जमेल त्यांनी अख्खी बाजरी आणून थोडी थोडी घरीच दळावी. दळण करणे जमत नसेल तर उकळत्या पाण्याने उकड काढून पीठ मळावे. आणलेला मसाला मात्र लहान बरण्यांत भरून, वर हिंगाचे खडे ठेवून शीतपेटीत ठेवावा आणि रोजच्या वापरापुरती एकच बरणी बाहेर काढावी. असा तो पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वास धरून राहतो.