जुने घर होमस्टेसाठी दुरुस्त करताय? ठेकेदाराला काम देण्यापूर्वी हे तपासा

रत्नागिरी : दापोली, गुहागर, राजापूर या तालुक्यांत अनेक जुनी कौलारू घरे वर्षातले दहा महिने बंद असतात. मालक मुंबई-पुण्याला, घर गावाला. अशा घराच्या दोन-तीन खोल्या नीट करून पर्यटकांना द्याव्यात, असा विचार बरेच चाकरमानी करतात. घर आहे, जागा आहे, गिऱ्हाईकही मिळते. गाडी अडते ती ठेकेदारापाशी. मालक गावात नसताना काम अंगावर घेऊन वेळेत पुरे करणारा माणूस शोधायचा कसा, याची ही माहिती.

स्वस्त दर महाग पडू शकतो

समजा, एका ठेकेदाराने ७ लाख आणि दुसऱ्याने ६ लाख ४० हजार सांगितले. फरक ६० हजारांचा. आता उत्पन्न बघा. दोन खोल्या, रात्रीचे १,५०० रुपये आणि हंगामात प्रत्येक खोलीच्या ६० रात्री धरल्या तर १ लाख ८० हजार होतात. स्वस्तवाल्याने काम अर्धवट टाकले आणि एक हंगाम हुकला, तर वाचलेल्याच्या तिप्पट पैसे गेले. शिवाय कौले उतरवलेली असताना जूनचा पाऊस आला, की भिंतीही गेल्या. म्हणून दराइतकेच "काम कधी पुरे करणार" याला महत्त्व द्यावे. छपराचे काम दिवाळीनंतर लगेच काढावे. शिमग्यात मजूर आठ-पंधरा दिवस मिळत नाहीत, हे धरूनच तारीख ठरवावी.

चौकशी कुठे करायची?

ठेकेदाराने मोबाईलवर दाखवलेल्या फोटोंवर जाऊ नये. त्याने केलेली किमान दोन घरे प्रत्यक्ष बघावीत आणि त्यातले एक तरी दोन पावसाळे काढलेले असावे. घरमालकाला तीनच प्रश्न विचारावेत : गळती आहे का? ठरल्यापेक्षा पैसे किती वाढले? नंतर बोलावल्यावर माणूस आला का?

दुसरी चौकशी हार्डवेअर आणि सिमेंटच्या दुकानात करावी. कोणाची उधारी थकली आहे, हे दुकानदाराला पक्के ठाऊक असते. जुनी उधारी असलेला ठेकेदार तुमच्या अ‍ॅडव्हान्समधून आधी ती भागवतो आणि तुमचे काम रखडते.

जुन्या घराचे काम वेगळे

स्लॅबची घरे बांधणारा प्रत्येक ठेकेदार कौलारू घर सांभाळू शकेलच असे नाही. चिऱ्याची जुनी भिंत मातीत रचलेली असेल, तर तिला सरसकट सिमेंटचा गिलावा मारल्यास ओल आत कोंडते आणि पोपडे सुटतात. वासे-रिपा बदलायला जाणता सुतार लागतो. ठेकेदाराला घर दाखवून सरळ विचारावे : "ओल कुठून येते? वाळवीचं काय करणार? कुठले वासे ठेवणार, कुठले काढणार?" घर न बघता फोनवरच "सगळं होऊन जाईल" म्हणणाऱ्याला काम देऊ नये.

दर आणि मोजमाप

दर "मजुरीवर" आहे की "मटेरियलसह", हे आधी लिहून घ्यावे. गिलाव्याच्या मापातून दारे-खिडक्या वजा होणार का, हेही ठरवावे. वाळू, खडी ब्रासवर येते. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. गाडी रिकामी होण्याआधी माप घ्यायला गावातला भरवशाचा माणूस ठेवावा. सांगितलेला दर पडताळायला सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची उपयोगी पडते.

पैसे कामाच्या पुढे जाऊ देऊ नयेत

भांडणाचे मूळ बहुतेक वेळा इथेच असते. ७ लाखांच्या कामाचे हप्ते असे पाडता येतील :

- काम सुरू होताना : ७० हजार
- छप्पर पूर्ण झाल्यावर : २ लाख १० हजार
- भिंती, गिलावा झाल्यावर : १ लाख ४० हजार
- नळ, संडास-बाथरूम, वायरिंग झाल्यावर : १ लाख ४० हजार
- लादी, रंग झाल्यावर : ७० हजार
- पावसात गळती नाही याची खात्री झाल्यावर : ७० हजार

छपराच्या सामानाला ठेकेदाराकडे पैसे नसतील, तर मालकाने थेट दुकानात भरावेत आणि हप्त्यातून वजा करावेत. शेवटच्या हप्त्याला ३१ जुलैसारखी तारीख घालावी. ठेकेदाराचेही पैसे विनाकारण अडकू नयेत. व्यवहार बँकेतून करावा. वाढीव काम निघाले तर दर ठरवून, निदान व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी होकार दिल्याशिवाय सुरू करू देऊ नये.

कागद करावाच

करारात कामाची यादी, सामानाचा दर्जा, तारखा, हप्ते आणि मजुराला इजा झाल्यास जबाबदारी कोणाची, हे असावे. मुद्रांक किती लागेल ते दुय्यम निबंधक कार्यालयात विचारावे. घराच्या नमुना ८ वर भावकीची नावे असतील, तर त्यांची लेखी संमती आणि ग्रामपंचायतीची लागणारी परवानगी आधी घ्यावी. मध्येच हरकत आली, तर चांगला ठेकेदारही दुसऱ्या कामावर निघून जातो.

फसवणूक झाली तर?

सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांत तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे. मात्र, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यावसायिक कारणासाठी सेवा घेणारा "ग्राहक" धरला जात नाही. स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेल्या वस्तूंना यातून सूट आहे. होमस्टेसाठी काढलेल्या कामात समोरचा पक्ष हाच मुद्दा काढू शकतो. तसे झाले तर दिवाणी न्यायालयाची वाट उरते आणि ती लांबची आहे. म्हणून हप्ते हातात ठेवणे आणि करार लेखी करणे, हाच मालकाचा खरा आधार.