एका आरामखुर्चीची वंशावळ

बरेच दिवस ब्लॉगवर काही लिहिले नाही. कारण ऐकून तुम्ही हसाल. सत्तरी उलटल्यावर मी सुतारकाम शिकतो आहे!

झाले असे. गावचे घर पाडले तेव्हा वडिलांची आरामखुर्ची मी जुने लाकूड घेणाऱ्याला देऊन टाकली. गावातल्याच सुताराने केलेली साधी सागवानी खुर्ची. मागच्या खाचांत एक दांडी असे. ती पुढच्या खाचेत टाकली की पाठ आणखी मागे कलायची. एक पाय डुगडुगत होता आणि शहरातल्या आमच्या दोन खोल्यांत जागा नव्हती. तेव्हा काहीच वाटले नाही. गेल्या वर्षी तशीच एक खुर्ची जुन्या फर्निचरच्या दुकानात दिसली. किंमत माझ्या महिन्याच्या पेन्शनपेक्षा जास्त. मुकाट्याने घरी आलो. पण मन स्वस्थ बसेना, म्हणून अशा खुर्चीचा इतिहास धुंडाळू लागलो. तो फार मजेदार निघाला.

पाठ मागेपुढे करता येणाऱ्या या खुर्चीला इंग्रजीत ‘मॉरिस चेअर’ म्हणतात. विल्यम मॉरिस हे मोठे कवी, कारागीर आणि समाजवादी. यंत्राने कारागिराच्या हातातली कला हिरावून घेतली, हे त्यांचे दुःख. 1861 साली त्यांनी मित्रांसह हाताने वस्तू बनवणारी कंपनी काढली. पण ही खुर्ची मॉरिसनी शोधलेली नाही! कंपनीचे व्यवस्थापक वॉरिंग्टन टेलर यांना ससेक्समधल्या हर्स्टमनसू गावी एफ्राईम कोलमन नावाच्या म्हाताऱ्या सुताराकडे तशी खुर्ची दिसली. 1866 साली त्यांनी तिचे रेखाटन कंपनीचे वास्तुरचनाकार फिलिप वेब यांना पाठवले. पुढे कंपनीने ती विकायला काढली आणि ती मॉरिसच्या नावाने जगभर गेली. दुसरी गंमत म्हणजे हाताने केलेल्या वस्तू महाग पडत. गरिबांसाठी तळमळणाऱ्या मॉरिसचा बराचसा माल श्रीमंतांच्याच घरी जाई.

ही खुर्ची अमेरिकेत पोचली ती तिथल्या कारखानदारांमार्फत. त्यांपैकी एक गुस्ताव्ह स्टिकली. जन्म 1858, विस्कॉन्सिनचा, गवंड्याचा मुलगा. खुर्च्यांच्या कारखान्यात काम करत वर आलेला. 1901 च्या ऑक्टोबरात त्याने ‘द क्राफ्ट्समन’ हे मासिक सुरू केले आणि पहिला अंक मॉरिसलाच वाहिला. त्याचे फर्निचर सरळ रेषांचे, भक्कम ओकचे. नक्षी नाही. एका लाकडात चौकोनी भोक पाडून दुसऱ्याचे कुसू त्यात बसवायचे आणि ते आरपार बाहेर दिसू द्यायचे, हाच दागिना. ओकला जुनाट तपकिरी रंग यावा म्हणून ते बंद जागेत अमोनियाच्या वाफेत ठेवत. लाकडातल्या टॅनिनमुळे रंग आतपर्यंत मुरतो.

पण त्याचे मोठेपण मला पुढच्या गोष्टीत वाटते. 1905 पासून त्याने मासिकातून घरी फर्निचर करण्याचे धडे दिले, मोजमापांच्या आकृत्यांसह. स्वतः फर्निचर विकणारा माणूस गिऱ्हाईकाला सांगतो, घ्या, तुम्हीच करा!

मग 1909 साली शिकागोच्या ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ने ‘मिशन’ फर्निचर घरी कसे करावे याची पुस्तिका काढली. पुढे आणखी दोन भाग आले. कॅलिफोर्नियात 1769 ते 1823 या काळात स्पॅनिश पाद्र्यांनी 21 मठ वसवले, तिथल्या जुन्या सामानावरून हे नाव पडले म्हणत. खरे तर त्यात विक्रेत्यांचा कल्पनाविलासच जास्त, आणि स्टिकलीलाही ते नाव आवडत नसे. नाव काहीही असो, पुस्तिका कामाची आहे. मॉरिस खुर्चीच्या पाठात लाकडाच्या तुकड्यांची मापांसह यादी आहे. गिरणीतून ते रंधून, घासून आणायचे. आपण फक्त आखायचे, सांधे कापायचे आणि जोडायचे. बचत तिथेच होते. लाकडाचे पैसे मोजायचे, मजुरी आपली.

स्टिकलीचे पुढे दिवाळे निघाले (1915), 1916 ला मासिकही बंद पडले. 1942 साली तो गेला. 1988 साली त्याच्या स्वतःच्या घरातले एक कपाट गायिका बार्ब्रा स्ट्रायसँडने लिलावात 3 लाख 63 हजार डॉलरला घेतले. नैवेद्यापेक्षा सोवळ्याचेच कौतुक जास्त, दुसरे काय!

त्या पुस्तिकेचे हक्क केव्हाच संपले आहेत. इंटरनेटवर ती फुकट मिळते. मी पाने छापून घेतली. मापे इंचांत असल्याने आमच्या कोपऱ्यावरच्या सुतारांना त्यांच्या इंच-सुतांत ती लगेच कळली. त्यांनी पटाशी उसनी दिली, धरायची कशी ते दाखवले, मोबदला म्हणून फक्त चहा घेतला. लाकूड पाडलेल्या घरातल्या जुन्या सागवानी चौकटींचे. ते चांगले वाळलेले असते, पण आत मोडलेले खिळे असतात. रंध्याचे पाते जायला नको म्हणून आधी लोहचुंबक फिरवून पाहावे लागते. पहिल्या पायाला मी चुकीच्या बाजूला भोक पाडले. आता त्याचे दोन पाट होतील.

अशी खुर्ची नकली म्हणायची का, असे सौ.ने विचारले. नवीन लाकूड ठोकून-डागाळून शंभर वर्षांचे म्हणून विकले तर ते नकली. मी करतोय ती उघड नक्कल आहे, आणि मॉरिसनेही तेच केले होते. फक्त बैठकीच्या खाली साल आणि नाव लिहायचे ठरवले आहे.

इथेच गाडी अडली. एका पत्रामुळे कोलमनचे नाव दीडशे वर्षांनंतरही उरले. वडिलांची खुर्ची करणाऱ्या सुताराचे नाव मात्र मी कधी विचारलेच नाही. लहानपणी त्याच्याकडचा भुसा खेळायला आणत असे. त्याचा चेहरा आठवतो, पण नाव आठवत नाही. शाळेत इतिहास शिकवला, राजांच्या सनावळ्या मुलांकडून घोकून घेतल्या, आणि आपल्याच घरातले हे एक नाव निसटले.

नात्यातल्या कुणी थोरांना ते आठवत असेल तर कृपया कळवा. खुर्ची दिवाळीपर्यंत होईल. बैठकीखाली जागा रिकामी ठेवतो आहे.