भाषा हवी, बाकी नको

चीनमध्ये जाऊन इंग्रजी शिकवणं ही गेल्या तीस-चाळीस वर्षांतली टूम आहे, असा बऱ्याच जणांचा समज असतो. नुकतंच कॉलेज संपवलेला कुणीतरी अमेरिकन पोरगा, पाठीवर सॅक, वर्षभर चेंगदूत शिकवणार, पैसे साठवणार आणि आशिया फिरून घरी जाणार. प्रत्यक्षात या नोकरीचा इतिहास दीडशे वर्षांहून जुना आहे. गेले दोन-तीन वीकेंड त्याबद्दलच वाचत होतो, म्हटलं लिहून काढू.

आधी आपल्याकडचं आठवा. मेकॉलेचं ते (कु)प्रसिद्ध टिपण १८३५ सालचं. इंग्रजी शिकवायची की नाही हे राज्यकर्त्यांनी ठरवलं, आपल्याला कुणी विचारलं नाही. चीनमध्ये उलट झालं. तिथे इंग्रजीचा मास्तर खुद्द दरबाराने पगार देऊन ठेवला.

हौस म्हणून नव्हे हं! दुसऱ्या अफूच्या युद्धात मार खाल्ल्यावर १८५८ साली ब्रिटिशांशी तिआनजिनचा तह झाला. त्यात एक कलम असं होतं की इंग्रजी आणि चिनी मसुद्यांत फरक निघाला तर इंग्रजी मसुदा खरा. म्हणजे आपण कशावर सही केली हे कळायलासुद्धा इंग्रजी येणं भाग. मग १८६२ मध्ये राजपुत्र गोंग याच्या पुढाकाराने बीजिंगमध्ये 'तोंगवेन ग्वान' ही भाषांची शाळा निघाली. पहिल्या वर्गात विद्यार्थी किती? फक्त दहा.

शिक्षक मिळेना. अस्सल इंग्रजी येणारा चिनी माणूस ग्वांगदोंगमध्येही सापडला नाही आणि शांघायमध्येही नाही. शेवटी जॉन बर्डन नावाचा इंग्रज मिशनरी नेमला. अट एकच: भाषा शिकवायची, धर्माचं नाव काढायचं नाही. पहिल्या वर्षी पगार ३०० ताएल चांदी, पुढे १००० वर नेण्याची बोली. त्याच शाळेतल्या चिनी मास्तरचा पगार त्या मानाने किरकोळ. गोऱ्या मास्तरला जास्त पगार देण्याची पद्धत तेव्हापासूनची आहे तर!

फायदा मात्र लवकर दिसला. मार्टिन नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याने (हाच पुढे या शाळेचा प्रमुख झाला) व्हीटनच्या आंतरराष्ट्रीय कायद्यावरच्या ग्रंथाचं चिनी भाषांतर केलं. १८६४ मध्ये प्रशियाने चीनच्या किनाऱ्याजवळ डेन्मार्कची जहाजं पकडली, तेव्हा दरबाराने त्याच पुस्तकातले नियम प्रशियाच्या वकिलापुढे ठेवले आणि जहाजं सोडायला लावली.

पुढे १८९८ मध्ये झांग झिदोंग या बड्या अधिकाऱ्याने या धोरणाला सूत्रातच बसवलं: गाभा चिनी विद्येचा, उपयोगापुरती पाश्चात्त्य विद्या. आमच्या भाषेत सांगायचं तर एपीआय वापरा, पण डेटाबेसला हात लावू देऊ नका.

आता प्रश्न असा, की भाषा अशी गाळून घेता येते का?

याचं माझ्या मते सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे विल्यम एम्पसन. हा इंग्रज कवी आणि समीक्षक १९३७ मध्ये शिकवायला आला आणि नेमकं त्याच वर्षी जपानने आक्रमण केलं. बीजिंग आणि तिआनजिनची तीन विद्यापीठं दक्षिणेकडे पळाली, आधी हूनान आणि मग पार युन्नान. शेकडो विद्यार्थी हजार मैलांच्या आसपासचं अंतर बरंचसं पायी तुडवत कुन्मिंगला पोचले. एम्पसनही त्यांच्याबरोबर डोंगरातल्या एका मुक्कामी राहिला. पुस्तकं मागेच राहिली होती, त्यामुळे हा पठ्ठ्या इंग्रजी कविता आठवून आठवून टाइप करायचा आणि त्यावर शिकवायचा. १९३९ मध्ये तो परत गेला.

त्याच्या हाताखालून गेलेले दोघे बघा. एक शू ग्वोझांग. त्याच्या इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकावर पुढे लाखो चिनी मुलं शिकली. दरबाराला जे हवं होतं, ते हेच. दुसरा मू दान. त्याने इंग्रजीबरोबर आधुनिक कविताही उचलली आणि चिनी भाषेतला मोठा कवी झाला. इंग्रजी येत होतं म्हणून १९४२ मध्ये तो चिनी सैन्याबरोबर दुभाषा म्हणून ब्रह्मदेशात गेला. पुढे अमेरिकेत शिकून आपणहून मायदेशी परतला. १९५८ मध्ये त्याच दुभाषेगिरीचा गुन्हा झाला! क्रांतिविरोधी ठरवून त्याला शिकवणं बंद करायला लावलं आणि ग्रंथालयात कामाला लावलं. तिथे असताना त्याने बायरनच्या 'डॉन जुआन'चं भाषांतर केलं. १९७७ मध्ये तो वारला, पुस्तक छापून आलं १९८० मध्ये.

एकच वर्ग, एकच मास्तर. कुणी काय घेऊन बाहेर पडेल हे ना मास्तरच्या हातात, ना पगार देणाऱ्याच्या.

१९५० च्या दशकात रशियन भाषेची चलती होती, मग सांस्कृतिक क्रांतीत सगळंच बंद. १९७७ मध्ये विद्यापीठांची प्रवेश परीक्षा पुन्हा सुरू झाली, ५७ लाख मुलं बसली, आणि परदेशी मास्तरांना परत मागणी आली. १९९३ पासून अमेरिकेचे पीस कोअरचे स्वयंसेवक यायला लागले, ते २०२० पर्यंत. जुलै २०२१ मध्ये सरकारने शिकवण्यांच्या धंद्यावर बडगा उगारला आणि परदेशात बसून चिनी मुलांना ऑनलाइन शिकवणाऱ्यांचं काम एका फटक्यात गेलं. नळ सोडणारा आणि बंद करणारा हात तोच!

यात आपण कुठे? माझी एक मैत्रीण पुण्यात सात वर्षं इंग्रजी शिकवते, एम.ए. आहे. तिने चीनमधल्या नोकरीसाठी अर्ज केला तर एजंटाने पहिला प्रश्न पासपोर्टचा विचारला. परवान्यासाठी साधारणपणे 'इंग्रजी मातृभाषा असलेल्या' ठरावीक देशांचे नागरिक लागतात. भारत त्या यादीत नाही. तिचं व्याकरण त्या सॅकवाल्या पोरापेक्षा पक्कं आहे, हे मी पैजेवर सांगतो. पण १८६२ मध्ये ग्वांगदोंगचा माणूस चालला नाही, तसा आज पुण्याचा चालत नाही. 'अस्सल' कोण हे ठरवणारं माप अजून तेच.

मला त्यातलं जास्त वाईट वाटतं ते त्या मुलांचं. परकी भाषा कष्टाने शिकलेला मास्तर कुठे अडखळायला होतं हे स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. शू ग्वोझांगच्या पुस्तकावर इतकी मुलं शिकली, तो तरी कुठे इंग्रज होता?

असो. मैत्रिणीने आता व्हिएतनामला अर्ज केलाय. बघू काय होतं ते.