विखुरलेल्यांचा पडदा : आफ्रिकी डायस्पोरा आणि सामुदायिक चित्रपट-महोत्सव

चित्रपटाचा इतिहास सामान्यतः कलाकृती आणि दिग्दर्शक यांच्या क्रमाने लिहिला जातो. प्रदर्शन ही त्यात नंतरची, व्यापारी स्वरूपाची घटना मानली जाते. आफ्रिकी डायस्पोराच्या, म्हणजे गुलामगिरी आणि स्थलांतर यांमुळे आफ्रिकेबाहेर विखुरलेल्या समाजांच्या, चित्रपटाला ही मांडणी पुरी पडत नाही. येथे प्रेक्षकसमूह घडल्याखेरीज कलाकृतीला सार्वजनिक अस्तित्वच लाभत नाही. म्हणून १९९०च्या दशकात अमेरिकेत उभे राहिलेले सामुदायिक महोत्सव हे या इतिहासाचे परिशिष्ट नसून त्याचे अंगभूत प्रकरण होय.

या महोत्सवांना पूर्वपरंपरा होती. १९६९मध्ये वागादुगू येथे सुरू झालेल्या ‘फेस्पाको’ने आफ्रिकी चित्रपटाला आफ्रिकेच्याच भूमीवर व्यासपीठ दिले. तेथे डायस्पोरातील चित्रपटासाठी पॉल रोबसन यांच्या नावाचे पारितोषिकही आहे. परंतु अमेरिकेतील कृष्णवर्णीय दिग्दर्शकापुढील अडचण वेगळी होती. चार्ल्स बर्नेट यांचा ‘किलर ऑफ शीप’ हा १९७०च्या दशकात विद्यापीठातील प्रबंध म्हणून तयार झालेला चित्रपट. १९९०मध्ये तो राष्ट्रीय चित्रपट-सूचीत समाविष्ट झाला. मात्र संगीताचे हक्क न मिळाल्याने चित्रपटगृहांतील त्याचे रीतसर प्रदर्शन २००७पर्यंत रखडले. मान्यता आणि दर्शन यांत एवढे अंतर पडू शकते, ही बाब केवळ संहितेचे परिशीलन करणाऱ्या समीक्षेच्या नजरेतून निसटते.

हैले गेरिमा यांच्या ‘सान्कोफा’ने (१९९३) हे अंतर आपल्या बळावर ओलांडले. घानाच्या किनाऱ्यावरील गुलामांच्या किल्ल्यातून आजची एक तरुणी मळ्यावरील गुलामीच्या काळात ओढली जाते, असे त्याचे कथासूत्र आहे. बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत समाविष्ट होऊनही अमेरिकेतील वितरकांनी त्याकडे पाठ फिरवली. तेव्हा गेरिमा यांनी चित्रपटगृहे भाड्याने घेतली आणि शहरोशहरी स्थानिक कार्यकर्त्यांच्या साहाय्याने प्रेक्षक जमवले. ‘मागे जाऊन विसरलेले घेऊन ये’ हा शीर्षकातील अकान शब्दाचा आशय. वितरणाच्या या पद्धतीतही तो प्रत्यक्षात उतरला, असे म्हणता येईल. २०२१मध्ये हाच चित्रपट पुनरुद्धारित स्वरूपात नेटफ्लिक्सवर आला; परंतु तोवर त्याला जपले होते ते या प्रेक्षकसमूहाने.

महोत्सवांनी या खटपटीला संस्थेचे रूप दिले. १९९२मध्ये डॅनी ग्लोव्हर, जॅनेट डुबॉय आणि अयुको बाबू यांनी लॉस एंजेलिसमध्ये ‘पॅन आफ्रिकन फिल्म फेस्टिव्हल’ स्थापन केला. १९९३मध्ये रेनाल्डो बारोसो-स्पेक आणि दियारा एन्दाव-स्पेक या दांपत्याने न्यूयॉर्कमध्ये आफ्रिकी डायस्पोराचा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू केला, वितरणसंस्थाही चालवली. क्यूबा, ब्राझील, हैती, फ्रान्स येथील कथा एकाच कार्यक्रमात शेजारी आल्या. भाषा, वसाहतवादी सत्ता, धर्म यांनी वेगळे केलेले प्रेक्षक त्या पाहताना आपण एका इतिहासाचे वारस आहोत, असा अनुभव घेऊ लागले. ‘डायस्पोरा’ ही संज्ञा येथे निव्वळ वर्णनपर राहत नाही; महोत्सव तिला घडवतो.

तथापि, याच ठिकाणी एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. उत्सवाला ऐक्य हवे असते. कलाकृती मात्र अनेकदा त्या ऐक्यालाच छेद देते. कॅरिबियन चित्रपटाच्या निमित्ताने १९८९मध्ये स्टुअर्ट हॉल यांनी अस्मितेच्या दोन संकल्पना वेगळ्या केल्या : एक, मुळात असलेल्या व पुन्हा सापडणाऱ्या सारतत्त्वाची, दुसरी, इतिहासात सतत घडत राहणाऱ्या स्थितीची. त्याआधी, बर्मिंगहॅम व लंडन येथील दंगलींवरील ‘हँड्सवर्थ साँग्ज’ (१९८६) या जॉन अकोम्फ्रा यांच्या चित्रपटावरून सलमान रश्दी आणि हॉल यांच्यात वाद झाला होता. चित्रपटाची भाषा ठरीव आहे, असा रश्दींचा आक्षेप. नव्या भाषेचा तो शोध आहे, असे हॉल यांचे उत्तर. आपल्या समाजाचा चित्रपट म्हणून तो समीक्षेच्या तावडीतून सुटला नाही, हेच त्या वादाचे मोल. केवळ गौरव करणारा महोत्सव पहिल्या संकल्पनेत अडकतो. वादाला जागा देणारा महोत्सव दुसरीकडे जातो.

मराठी अभ्यासकाला हा प्रश्न परका नाही. दलित साहित्य आणि कृष्णवर्णीयांचे साहित्य यांची आपली तुलना बहुधा मुद्रित संहितांपुरती राहिली. परंतु १९५८मध्ये मुंबईत भरलेले पहिले दलित साहित्य संमेलन हाही वाचकसमूह घडवण्याचाच प्रयत्न होता. संमेलन आणि महोत्सव यांचा इतिहास साहित्येतिहासाच्या कक्षेत आणल्याखेरीज ही तुलना अपुरीच राहील.