मानेच्या टेकूपासून उडीपर्यंत

जुन्या घरांतल्या तसबिरी पाहिल्या की एक गोष्ट लक्षात येते. पणजोबा-पणजींच्या काळातले सहसा कुणी हसत नाही. मान ताठ, हात गुडघ्यांवर, नजर रोखलेली. ती पिढीच करारी होती, असे आपण समजून चालतो. छायाचित्रणाचा इतिहास मात्र आणखी एक कारण पुढे ठेवतो : उजेडाची टंचाई. ही बैठक त्या टंचाईत घडली आणि टंचाई ओसरल्यावरही रीत म्हणून टिकली.

१८३९ मध्ये पॅरिसला दागेरची पद्धत जाहीर झाली, तेव्हा एका चित्राला कित्येक मिनिटे लागत. पेट्झव्हालचे भिंग आणि अधिक संवेदनशील रसायने आल्यावर हा वेळ झपाट्याने कमी झाला. तरी काही सेकंद निश्चल राहणेही सोपे नसते. म्हणून बसणाऱ्याच्या डोक्यामागे लोखंडी टेकू लावीत. युरोपातले स्टुडिओ इमारतीच्या वरच्या मजल्यावर असत; काचेचे छत आणि उत्तरेकडची खिडकी हे त्यांचे भांडवल, कारण उत्तरेकडून थेट ऊन न येता मऊ, एकसारखा उजेड मिळे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली, तेव्हा इथल्या हौशी मंडळींचाही सारा भरवसा सूर्यावरच होता.

सूर्याला पर्याय शोधणाऱ्यांपुढे दोन अटी होत्या. उजेड भरपूर हवा आणि तो निमिषमात्र टिकणारा हवा. दुसरी अट पूर्ण होऊ शकते, हे टॅल्बटने १८५१ मध्येच लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दाखवले. वेगाने फिरणाऱ्या चाकावर वर्तमानपत्राचा कागद लावून त्याने लेडन जारमधल्या विजेची ठिणगी पाडली आणि छायाचित्रात छापील अक्षरे वाचता आली. पण ती ठिणगी जवळच्या कागदापुरतीच होती. उलट नादारने पॅरिसच्या भुयारांत विजेचा प्रखर दिवा नेला, तेव्हा एकेका चित्राला अठरा मिनिटांपर्यंत वेळ लागे. कामगारांच्या जागी त्याला पुतळे उभे करावे लागले.

१८८७ मध्ये मीथे आणि गेडिके या जर्मन संशोधकांनी मॅग्नेशियमची भुकटी तयार केली. तिचा भडका तेजस्वी होता आणि क्षणात संपणारा. पण धूर, राख आणि आगीचे भय त्याच्याबरोबरच आले. न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांची चित्रे घेणाऱ्या जेकब रीसच्या हातून या भुकटीने आगीही लागल्या. १९२९ च्या सुमारास जर्मनीत काचेत बंद केलेला फ्लॅशबल्ब आला. धूर गेला, पण एक बल्ब एकदाच चाले.

ही कोंडी फोडली ती अमेरिकेतल्या एमआयटीमधील विद्युत अभियंता हॅरल्ड एजर्टन याने, आणि तीही छायाचित्रणासाठी नव्हे. १९३१ च्या सुमारास त्याला फिरत्या मोटारींचा अभ्यास करायचा होता. कपॅसिटरमध्ये वीज हळूहळू साठवायची आणि वायूने भरलेल्या नळीतून एका क्षणात सोडायची, ही त्याची रीत. नळी पुन्हा पुन्हा वापरता येई. ग्यॉन मिली या छायाचित्रकाराने हा उजेड ‘लाइफ’ मासिकाच्या पानांवर नेला, आणि पुढे स्टुडिओतला स्ट्रोब याच तत्त्वावर उभा राहिला.

नव्या दिव्याने नवी अडचण आणली. खिडकीचा उजेड चेहऱ्यावर कसा पडतो ते आधी डोळ्यांनी दिसते. स्ट्रोबचा उजेड पाहून होण्याआधीच संपतो. म्हणून नळीशेजारी मंद, सतत जळणारा दिवा बसवावा लागला, नाकाची सावली कुठे पडेल याचा अंदाज घेण्यासाठी. स्ट्रोब निवडताना हा दिवा आजही महत्त्वाचा ठरतो. दिव्याची ताकद वॅट-सेकंदांत मोजतात. अंतर दुप्पट केले तर चौपट ताकद लागते. पण उजेडाचा मऊपणा या आकड्यात नसतो. तो पुढे लावलेल्या छत्रीच्या वा पडद्याच्या आकारावर आणि ती चेहऱ्याच्या किती जवळ आहे यावर ठरतो. उत्तरेच्या खिडकीचे काम आता छत्री करते.

१९४८ हे साल या कथेत बोलके आहे. त्या वर्षी फिलिप हाल्समनने साल्वादोर दालीला हवेत उडताना टिपले. मदतनीस मांजरे आणि बादलीभर पाणी फेकत होते. मनाजोगते चित्र मिळेपर्यंत अठ्ठावीस खेपा झाल्या, सहा तास गेले. पुढे हाल्समनने नामवंतांना उडी मारायला लावून १९५९ मध्ये पुस्तकच काढले. उडी मारताना माणसाचा मुखवटा गळून पडतो, असे त्याचे मत होते. त्याच १९४८ च्या नाताळात अर्व्हिंग पेनने पेरूतल्या कुस्को गावात स्थानिक छायाचित्रकाराचा स्टुडिओ भाड्याने घेतला आणि तिथल्या माणसांना दिवसाच्या उजेडात, जुन्या पद्धतीने निश्चल उभे केले. स्ट्रोब हाताशी येऊ लागल्यावर स्थिरता ही सक्ती उरली नाही, निवड झाली. पेनच्या चित्रांतली माणसे म्हणूनच अवघडलेली वाटत नाहीत, ठाम वाटतात.

एकोणिसाव्या शतकातले एखादे उभे व्यक्तिचित्र हाती आले, तर चेहऱ्याइतकेच पायांकडेही पाहावे. टाचांमागे कधी कधी त्या लोखंडी टेकूची बैठक डोकावते.