चूल येथे, पंगत तेथे

बसून जेवण्याची सोय नाही, अन्न केवळ शिजते आणि बांधून परक्याच्या दारी रवाना होते, अशा स्वयंपाकघराचा धंदा आता महामार्गालगतच्या गावांतही बाळसे धरू लागला आहे आणि तो सर्वस्वी नवा असल्याचा समज रूढ होत आहे. वस्तुतः चूल एका ठिकाणी व पंगत दुसऱ्या ठिकाणी ही वहिवाट मुंबईत शतकाहून जुनी आहे, आणि तिचा भार ज्यांनी माथ्यावर वाहिला त्यांतील पुष्कळ माणसे वडगावच्या आसपासच्या मावळ मुलखातली, तशीच खेड, आंबेगाव, जुन्नर व मुळशी या तालुक्यांतली होती.

मावळात पाऊस उदंड. परंतु जमीन डोंगरउताराची आणि खाचरे तुटपुंजी. भाताचे एक पीक पदरात पडले की कुटुंबातील एखाद्या पुरुषास पोटामागे घाट उतरण्यावाचून गत्यंतर नसे. १८५८ साली खंडाळा ते पुणे लोहमार्ग सुरू झाला, १८६३ साली बोरघाटाची चढण पुरी झाली आणि मुंबई एका दिवसाच्या टप्प्यात आली. पुढे टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी लोणावळ्याच्या परिसरात वळवण व शिरोता येथे जलाशय उभे राहिले आणि १९१५ पासून खोपोलीची वीज गिरण्यांस मिळू लागली. ज्या खोऱ्यांचे पाणी वीज होऊन मुंबईच्या मागांपर्यंत पोहोचले, त्याच खोऱ्यांतील माणूस त्याच शहरात भाकरी शोधीत हिंडत होता, हा योग मला या इतिहासातील सर्वांत बोलका वाटतो.

महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास शंभरेक माणसे जमवून डबे पोहोचविण्याचे काम सुरू केले. या माणसांपाशी भांडवल नव्हते, भावकी होती. गावचा माणूस गावच्या माणसास आणी, मुकादमाच्या हाताखाली टोळी तयार होई आणि टोळीची मिळकत सारख्या हिश्शाने वाटली जाई. अक्षरओळख बेताची म्हणून आरंभी रंगीत दोरे, पुढे झाकणावर रंग, अक्षरे व आकडे अशा खुणा आल्या. सकाळी दारोदारचे डबे गोळा करून स्थानकावर त्यांची पहिली निवड, लोकलच्या मालडब्यातून प्रवास, उतरल्या ठिकाणी दुसरी निवड आणि दुपारच्या सुटीपूर्वी टेबलावर डबा: एकच डबा अनेक हातांतून जाई आणि त्यांतील बहुतेकांस त्याचा धनी कोण हे ठाऊकही नसे. पोहोचणावळ महिन्याची एकदाच, पहिल्या आठवड्यात. दिवाळीस एक महिन्याचे जादा, असा दस्तूर पडला. १९५६ साली न्यास नोंदला गेला आणि १९६८ साली संघटना. कागदपत्र मागाहून आले, शिस्त आधीची होती.

हे झाले वाहणाऱ्याचे. शिजविणारीचे नाव मात्र कोणत्याही दप्तरात सहसा सापडत नाही. काही डबे घरचे, काही खानावळीचे. गिरणगावात चाळीच्या एकाच खोलीत कुटुंब सांभाळून दहा-वीस एकट्या कामगारांचे जेवण रांधणारी खानावळवाली ही माझ्या मते या धंद्याची खरी पहिली उद्योजिका. किराणा उधारीवर, गिऱ्हाइकाचे पैसे पगारानंतर, आणि मधल्या काळात सावकाराचे व्याज: तिचा सारा जमाखर्च या तीन गोष्टींत अडकलेला असे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या स्त्रियांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा कोठे त्यांची सावकाराच्या पाशातून सुटका होऊ लागली. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि ज्यांच्या पगारावर ही उधारी उभी होती तो पगारच थांबला.

प्रवासास टिकेल तेच डब्यात जाई. रस्सा घट्ट झाकणाच्या खालच्या कप्प्यात, त्यावर सुकी भाजी वा उसळ, पोळ्या फडक्यात, भात वर. वडगावच्या भात संशोधन केंद्राने विकसित केलेला इंद्रायणी तांदूळ सुगंधी खरा. पण तो मऊ व चिकट, बंद डब्यात वाफ कोंडली की गोळा होणारा, म्हणून तो परातीत पसरून वाफ गेल्यावर भरणेच योग्य. एका तासानंतर हे अन्न कसे लागेल, हा विचार करून रांधणे हीच एक स्वतंत्र विद्या आहे.

परंतु या व्यवस्थेतील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट परतीची आहे. दुपारी डबा पोहोचविणाराच तो रिकामा झाल्यावर उचली आणि त्याच दिवशी, त्याच खुणांच्या आधारे, उलट वाटेने हातोहात तो घरी परत येई. झाकण उघडताच रांधणारीस कळे की आज कारले तसेच राहिले, पोळी एक कमी पडली असावी, आमटी मात्र तळापर्यंत पुसली गेली. आणि दुसऱ्या दिवशीचा बेत त्यावरून ठरे. आजच्या स्वयंपाकघरातून अन्न टाकाऊ पुडक्यात जाते, नेणारा तरुण उद्या पुन्हा येईलच असे नाही, आणि खाणाऱ्याचे मत फोनवरच्या पाच ताऱ्यांत मावते. वडगाव-तळेगावात जे नव्याने ही चूल मांडीत आहेत त्यांनी निदान नेहमीच्या, रोजच्या गिऱ्हाइकांपुरता धातूचा डबा आणि त्याची परतीची फेरी पुन्हा सुरू करावी, असे मी आग्रहाने म्हणेन. हे काम जाणणारी घरे अजूनही याच मावळ तालुक्यात आहेत.